कुत्रीच्या बाळंतपणाचं ऑनलाइन किट: खान्देशातल्या घराला कितपत उपयोगी?

‘व्हेल्पिंग किट’ या नावाने ऑनलाइन मिळणारा हा डबा गाभण कुत्री असलेल्या घरासाठी आहे. आत डिजिटल थर्मामीटर, नाळेला लावायच्या सहा प्लास्टिक क्लिपा, कात्री, नाका-तोंडातला चिकटा ओढायचा रबरी बल्ब, हातमोजे, पाच डायपर शीट, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, पिलांच्या गळ्यात बांधायच्या रंगीत पट्ट्या, जेलची ट्यूब, दूध पाजायची छोटी बाटली आणि चार निपल, पिलांच्या दुधाची पावडर आणि कॅल्शियमचं सिरप असतं. जळगाव-धुळ्यात हे सगळं एका जागी मिळणारं दुकान सापडणं कठीण, त्यामुळे डबा मागवावासा वाटणं साहजिक आहे.

आधी निकाल सांगते. थर्मामीटर, बल्ब, आयोडीन आणि दुधाची पावडर चांगली आहे. क्लिपा आणि कात्री जपून वापरायच्या वस्तू आहेत. कॅल्शियमची बाटली व्यायच्या आधी उघडायचीच नाही. आणि पिलं जगवायला ज्या दोन गोष्टी सगळ्यात जास्त लागतात, वजनकाटा आणि उबेची सोय, त्या या डब्यात नाहीतच. कुत्री व्यायचे पाच-सात तास सगळे जागे असतात, प्रत्येकाचं लक्ष असतं. पिलं दगावतात ती बहुतेक त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत, गारठ्याने आणि उपासमारीने, आणि तीही आवाज न करता.

थर्मामीटरपासून सुरुवात करू, कारण डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. कुत्री लावल्याच्या, म्हणजे नराशी जुळवल्याच्या, तारखेपासून मोजलं तर बाळंतपण साधारण ५८ ते ६८ दिवसांत कधीही होऊ शकतं. हा फरक पडतो कारण नराचं बीज कुत्रीच्या पोटात कित्येक दिवस टिकतं. बीजांड सुटल्यापासून मोजलं तर मात्र हिशेब ६३ दिवसांच्या आसपास बसतो. म्हणून कॅलेंडरवर एकच तारीख गोल करून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ५७व्या दिवसापासून सकाळी, दुपारी आणि रात्री गुदद्वारातून ताप मोजायचा. टोकाला थोडं व्हॅसलीन लावून दीड-दोन सेंटीमीटर आत, आतल्या कडेला टेकवून. विष्ठेत रुतलं तर आकडा खोटा येतो. नेहमी १००.५ ते १०२ फॅरेनहाइटच्या आसपास असलेला आकडा ९९च्या खाली उतरला की पुढच्या १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात. गर्भ धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात कमी झालं की हा उतार येतो. तो काही तासच टिकतो आणि ताप पुन्हा चढतो, म्हणून दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या तो हातून निसटतो. किटमधला थर्मामीटर लवचिक टोकाचा आहे ही मोठी सोय, कुत्री हलली तरी टोचत नाही.

एक बाब माहितीपत्रकात सांगितलेली नाही. माणसांसाठीचे डिजिटल थर्मामीटर साधारण ९० फॅरेनहाइटच्या खाली आकडाच दाखवत नाहीत, पडद्यावर नुसतं ‘लो’चं चिन्ह येतं. किटमधला थर्मामीटरही त्याच जातीचा आहे. जन्मलेल्या पिलाचा ताप मोजताना असं चिन्ह दिसलं तर सेल गेला समजून थर्मामीटर बाजूला ठेवू नका. पिल्लू धोक्याच्या पातळीखाली गार पडलंय, असा त्याचा अर्थ आहे.

आता क्लिपा, कात्री आणि बल्ब. पिल्लू पाणमोटीत गुंडाळलेलं येतं. बहुतेक कुत्र्या स्वतःच ती फाडून चाटायला लागतात, आणि तसं होत असेल तर हात मागे ठेवावा. मिनिटभरात तिने काही केलं नाही, तर पिलाच्या नाकापाशी पातळ पडदा चिमटीत धरून फाडायचा आणि तोंडावरून मागे सारायचा. पिल्लू टॉवेलमध्ये घेऊन डोकं थोडं खाली झुकवायचं, मान आणि डोक्याला तळहाताचा आधार देऊन. बल्ब आधी दाबायचा, मग तोंडात घालायचा, मग सोडायचा. आत घालून दाबला तर चिकटा उलट घशात जातो. आधी तोंड, नंतर नाक. त्यानंतर पाठीवर आणि बरगड्यांवर खरखरीत टॉवेलने चोळत राहायचं. पिल्लू केकाटलं, हिरड्या गुलाबी झाल्या की ते आईच्या सडाला लावायचं. हालचाल नसली तरी दहा-पंधरा मिनिटं चोळणं थांबवू नये. उशिरा श्वास घेणारी पिलंही धडधाकट वाढतात. पिलाला दोन्ही हातांत धरून झोका देत गदागदा हलवायची जुनी पद्धत अजून गावोगाव दिसते. ती बंद करा. त्यात कोवळ्या मेंदूत रक्तस्राव होतो.

किटमधल्या बल्बचं तोंड मऊ आहे आणि ओढ बरी आहे. मात्र पग किंवा पॉमेरियनच्या पिलाच्या नाकपुडीत ते जात नाही, नाकपुडीवर नुसतं टेकवावं लागतं. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डला अगदी योग्य मापाचं.

क्लिपांची तक्रार वजनाची आहे. या क्लिपा माणसाच्या बाळासाठी बनवलेल्या आहेत, मेडिकलमध्ये दहा-वीस रुपयांना मिळतात त्याच. लॅब्राडॉरचं पिल्लू जन्मतः साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं, त्याला ती क्लिप कशीबशी चालते. दीडशे ग्रॅमच्या पिलाच्या नाळेला ती लटकली की ते सरपटताना बेंबी ओढली जाते, आणि आईला ती वस्तू दातांनी काढून टाकावीशी वाटते. एकदा लागलेली क्लिप उघडतही नाही. लहान जातींसाठी जाड शिवणदोरा आयोडीनमध्ये बुडवून ठेवा. पोटापासून दोन ते अडीच सेंटीमीटरवर घट्ट गाठ मारा आणि गाठीच्या पलीकडे, वारेच्या (प्लॅसेंटाच्या) बाजूने कापा. दोऱ्याची शेपटं आखूड ठेवा. न बांधता धारदार कात्रीने कापलेली नाळ रक्त गाळते. दातांनी चावून तोडलेली नाळ चिरडली जाते आणि बंद होते, म्हणून कुत्रीने स्वतः तोडलेल्या नाळेतून सहसा रक्त येत नाही. नाळ ओढायची नाही. तुटलेलं टोक छोट्या वाटीत आयोडीन घेऊन त्यात बुडवा. कापसाने पुसल्यावर तंतू चिकटून राहतात. खान्देशात कापसाला तोटा नाही, पण व्यायच्या पेटीत सुटा कापूस येता कामा नये.

जेलची ट्यूब आणि हातमोजे पाहून आत हात घालायचा मोह होतो. तसं करू नका. पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलं असेल तेवढ्यापुरतं एकच करता येतं: कोरड्या कपड्याने ते धरून, कळ येईल तेव्हाच, खाली आणि तिच्या मागच्या पायांच्या दिशेने हलकेच ओढायचं. मागचे पाय आधी आले तरी घाबरायचं कारण नाही. कुत्र्यांमध्ये जवळपास चाळीस टक्के पिलं तशीच येतात.

प्रत्येक पिलामागे एक वार पडते. कुत्री ती खाते, एक-दोन खाल्ल्या तर बिघडत नाही, सगळ्या खाल्ल्या की जुलाब आणि उलट्या होतात. वार मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. डब्यात कागद नाही. साधी शंभर पानी वही जवळ ठेवा: वेळ, नर की मादी, वजन, वार पडली की नाही. या वहीचा पुढे उपयोग आहे.

कॅल्शियमचं सिरप डब्यात देणं ही या किटची सगळ्यात मोठी चूक आहे, आणि बाटलीवर ‘गर्भावस्थेत रोज दोन वेळा’ असं छापलेलं असणं त्याहून गंभीर. मेडिकलवालेही हाच सल्ला देतात. गाभण कुत्रीला वरून कॅल्शियम दिलं की हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. पिलं झाल्यावर दुधातून एकदम कॅल्शियम जायला लागतं, ग्रंथी वेळेवर जागी होत नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. व्यायल्यानंतर पहिल्या दोन ते चार आठवड्यांत, विशेषतः लहान जातीच्या आणि जास्त पिलं झालेल्या कुत्रीत हे दिसतं. ती बेचैन होते, धापा टाकते, पाय ताठ पडतात, थरथरते, ताप चढतो, पुढे झटके येतात. यात हाताशी काही तासच असतात. पिलं ताबडतोब बाजूला घ्या आणि डॉक्टरकडे जा. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं; घरी सिरप पाजून झटके थांबत नाहीत, आणि झटक्यात ते श्वासनळीत जातं. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांपासून पिलांचं दूध सुटेपर्यंत तिला पिलांसाठीचं चांगलं तयार खाद्य द्या, त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण जमवलेलं असतं. नुसती भाकरी-वरण किंवा दूध-भाकरी दूध पाजणाऱ्या कुत्रीला पुरत नाही. तिची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. शेवभाजीचा उरलेला रस्सा अजिबात नको, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कॅल्शियमच्या जोडीला एका औषधाचं नाव घ्यावंच लागेल, जरी ते डब्यात नसलं तरी. जनावरांना पान्हा सुटावा म्हणून चोरून वापरलं जाणारं ऑक्सिटोसिन काही जण कुत्रीला ‘कळा वाढाव्यात’ म्हणून टोचतात. पिल्लू आडवं असेल किंवा वाटेत अडकलं असेल तर त्याने गर्भाशय फाटतं. ते इंजेक्शन तपासणी करून डॉक्टरनेच द्यायचं.

दुधाची पावडर चांगल्या प्रतीची आहे, गुठळी धरत नाही, आणि लागेल त्या घरात हीच वस्तू किटची किंमत वसूल करते. कुत्रीच्या दुधात चरबी सुमारे नऊ टक्के आणि प्रथिनं साडेसात-आठ टक्के असतात. गाईच्या दुधात चरबी चार आणि प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, शिवाय दुधातली साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. म्हशीच्या दुधात चरबी भरते, प्रथिनं तरीही निम्मीच. म्हणजे ‘पिलांना जड पडेल’ म्हणून गाईच्या दुधात पाणी घालून पाजणं हे उपाशी ठेवून जुलाब लावणं आहे. माणसाच्या बाळाची पावडरही अशीच पातळ पडते. पावडर संपली आणि बाजार बंद आहे अशी वेळ आली, तर एक कप उकळून कोमट केलेलं दूध, तीन अंड्यांचे फक्त बलक, एक मोठा चमचा गोडंतेल आणि चिमूटभर मीठ फेटून घ्या. हे एका दिवसापुरतं. साखर, गूळ, मध काहीच घालू नका.

पाजण्याचं माप: पहिल्या आठवड्यात पिलाच्या पोटात एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे सुमारे चार मिली मावतं. ३०० ग्रॅमचं पिल्लू असेल तर एका वेळी बारा मिली, दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध मनगटावर टाकून कोमट लागलं पाहिजे. पिल्लू पालथं, पोटावर धरायचं, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

निपलमध्ये मात्र खोट आहे. चारपैकी दोन निपलांना भोकच नसतं, आणि पत्रकात त्याचा उल्लेख नाही. सुई तापवून टोचावं लागतं. बाटली उलटी केली की थेंब-थेंब पडलं पाहिजे. धार लागली तर भोक मोठं झालं, ते निपल फेकून द्या. पिल्लू ओढत नसेल तर बाटली दाबून तोंडात दूध सोडायचं नाही. चोखायची ताकद नसलेल्या पिलाला नळीने पाजावं लागतं आणि ते डॉक्टरकडून शिकून घेतल्याशिवाय करू नये. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कपड्याने शू-शीची जागा हलकेच पुसत राहा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पिलांना आपोआप शू होत नाही, आई चाटते म्हणून होते. कपड्यावरचा रंग पाहा: जवळजवळ पाण्यासारखा असला की ठीक, गडद पिवळा म्हणजे पिलाच्या अंगात पाणी कमी आहे.

आईला दूध असेल तर पावडर बाजूला. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिलाच्या पोटात जायलाच हवा. आजाराशी लढायची ताकद त्यातून मिळते, आणि पहिल्या चोवीस तासांनंतर आतड्यातून ती शोषलीच जात नाही. कमजोर पिल्लू मागच्या सडांपाशी लावा, तिथे दूध जास्त असतं.

रंगीत पट्ट्या दिसायला छान. पिल्लू आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं, हे पट्टी बांधणारा विसरतो. आत करंगळी सहज जाईल इतकी सैल बांधा आणि एक दिवसाआड सैल करा. डायपर शीट फक्त व्यायच्या वेळेपुरत्या. नंतर कुत्री त्या उकरते, प्लास्टिक चावते, आणि ओल्या शीटवर पिलांचे पाय फाकतात.

आता डब्यात नसलेल्या वस्तूंकडे वळू. पहिली, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पाच किलोपर्यंतचा पुरतो, चार-पाचशे रुपयांत येतो, आणि किट घ्यायचं की काटा अशी वेळ आली तर काटा घ्या. जन्मल्यावर, बारा तासांनी, मग रोज ठरावीक वेळी प्रत्येक पिलाचं वजन वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्यानंतर रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के वाढ हवी. ४०० ग्रॅमचं पिल्लू असेल तर दिवसाला किमान वीस ग्रॅम. एक दिवस काटा हलला नाही तर ते पिल्लू इतरांना बाजूला ठेवून सडाला लावायचं, दुसऱ्या दिवशीही हलला नाही तर वरून पाजायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. डोळ्यांना पिल्लू गुबगुबीत दिसत असतं, काटा दोन दिवस आधी सांगतो.

दुसरी गोष्ट ऊब. पहिल्या आठवड्यात पिलांना थरथरता येत नाही, स्वतःची ऊब तयार करता येत नाही. त्यांचा ताप ९५ ते ९९ फॅरेनहाइट इतकाच असतो. पिलांच्या पातळीवर पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७च्या आसपास, पुढे २४ पुरे. ताप ९४च्या खाली गेला की आतडं काम थांबवतं. अशा गार पिलाला दूध पाजलं तर ते पोटात कुजतं, पोट फुगतं आणि पिल्लू जातं. ‘थंड पडलंय, दूध पाजा’ हा घरोघरचा उपाय आहे आणि त्यानेच पिलं मरतात. आधी ऊब, मग दूध. अंगाशी धरून, तासा-दोन तासांत हळूहळू गरम करा; गरम पाण्यात बुडवू नका, हीटरसमोर धरू नका.

कोंबड्यांच्या पिलांसाठी पोल्ट्रीच्या दुकानात २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्ब मिळतो, तो उत्तम. साखळीने तीन फुटांवर टांगा, वायरवर भार देऊ नका, खाली पिलांच्या पातळीवर साधा भिंतीचा थर्मामीटर ठेवून उंची कमी-जास्त करा. पेटीच्या एकाच कोपऱ्यावर उजेड पडू द्या, म्हणजे नकोसं झालं तर पिलं सरकतात आणि आईलाही गार बाजू मिळते. पिलं ढिगासारखी एकमेकांवर चढून रडत असतील तर गारठा. लांब-लांब पसरून तोंडं उघडी टाकत असतील तर उकाडा. एकमेकांना टेकून झोपलेली, मध्येच अंग झटकणारी असतील तर सगळं नीट आहे. झोपेतलं ते झटकणं निरोगीपणाचं लक्षण आहे, त्याला आकडी समजू नये.

धुळे, साक्री, शिरपूरकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि त्याच रात्री लाइट जाते. लिटरभराच्या दोन बाटल्यांत गरम पाणी भरून, जाड कपड्यात गुंडाळून पेटीच्या कडेला ठेवा आणि दर दोन तासांनी पाणी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने आधी पिलं जातात, मग घरातली माणसं.

उन्हाळ्यात गणित उलटं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. तेव्हा बल्ब लावायचाच नाही. हवा इतकी कोरडी असते की पिलांच्या अंगातलं पाणी श्वासातूनच उडतं. त्यांना साधारण ५५ ते ६० टक्के दमटपणा हवा. पाण्याचा कूलर इथे खरोखर कामाचा: तो खोलीत चालवा, वारा थेट पेटीवर येणार नाही अशा कोनात, आणि खोली ३०च्या आसपास धरा. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावला तरी फरक पडतो. आईसमोर पाणी कायम भरलेलं; ती तहानली की दूध आटतं.

पेटी सुताराकडून करून घ्या. लॅब्राडॉरसाठी चार फूट बाय चार फूट, बाजू दीड फूट, पुढची बाजू अर्धी उघडी. आतल्या बाजूने जमिनीपासून चार इंचांवर, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे पट्टी फिरवायला सांगा. आई भिंतीला टेकून बसली की मागे अडकलेलं पिल्लू त्या पट्टीखालच्या फटीत वाचतं. खाली वर्तमानपत्र एकट्याने नको, गुळगुळीत कागदावर पिलांच्या मांड्या फाकतात. गोणपाटही नको, त्याचे दोरे पायाला वेढा घालतात. जुनी गोधडी तर मुळीच नको, घडीखाली पिल्लू गेलं की गुदमरतं. जाड टर्किश टॉवेल ताणून कडा पेटीच्या तळाच्या प्लायखाली खोचा. एक पिल्लू येताना आधीची कुठे ठेवायची, याला केळीचा रिकामा खोका छान. रावेर, यावल, सावद्याकडे तो मागितला की मिळतो. तळाला भोक असतं, तिथे पुठ्ठा टाका, त्यावर टॉवेल आणि कडेला गरम बाटली. पेटीत फिनाइल वापरू नका, पिलांच्या कातडीला आणि श्वासाला ते झेपत नाही.

किटसोबत ‘चोवीस तास पशुवैद्यकीय सल्ला’ म्हणून एक क्रमांक येतो. त्यावर बोलणं होतं, पण दूरवरून फोनवर सांगून अडलेलं पिल्लू सुटत नाही. ४५व्या-५०व्या दिवसाच्या आसपासच ठरवून ठेवा: रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, एक्स-रे कुठे निघतो, कुत्रीचं सिझेरियन कोण करतं. ५५व्या दिवसानंतरच्या एक्स-रेमध्ये पिलांची डोकी आणि मणके मोजता येतात, म्हणजे शेवटचं पिल्लू बाहेर आलं की नाही याचा घोळ राहत नाही. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत पिलांचं डोकं मोठं आणि वाट अरुंद, तिथे सिझेरियनची तयारी आधीपासूनच ठेवा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम गाई-म्हशींचं. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरतं पथक मिळतं, पण त्या गाडीत कुत्रीचं सिझेरियन होईल यावर विसंबू नये. रावेर-यावलकडून जळगाव किंवा शहादा-तळोद्याकडून धुळे गाठायला दीड-दोन तास जातात, म्हणून थांबायची मर्यादा शहरातल्यापेक्षा आखूड ठेवा.

निघायची वेळ कधी, ते असं. पहिल्या पिलाआधीच हिरवट-काळा स्राव आला (पिलं सुरू झाल्यावर तो येणारच, त्यात काही वावगं नाही). जोराच्या कळा वीस-तीस मिनिटं चालू आहेत आणि पिल्लू नाही. पोटात पिल्लू आहे हे माहीत असताना दोन तास काहीच घडलं नाही. ताप ९९खाली उतरून चोवीस तास झाले, कळा नाहीत. लावल्यापासून ७० दिवस उलटले. कुत्री गळून पडली, स्रावाला घाण वास येतोय. व्यायल्यानंतरही एखादा सड गरम, लाल, दगडासारखा झाला, किंवा तिचा ताप १०३च्या वर राहिला तर तेच. हिरवट आणि पुढे तपकिरी-लालसर स्राव तीन आठवडे थोडा-थोडा चालतो, वास नसेल तर तो साधाच.

पिलं पंधरा दिवसांची झाली की जंताचं पहिलं औषध, मग दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत. गोल जंत आईच्या पोटातूनच पिलांत येतात, घर कितीही स्वच्छ असलं तरी. डोसही वजनावरच ठरतो, म्हणून काटा तेव्हाही लागतो. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तिसऱ्या महिन्यात.

दवाखान्यात जाताना डबा घरी राहिला तरी चालेल, वही विसरू नका. टेबलावर कुत्री ठेवली की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात: कितवा दिवस, ताप कधी उतरला, शेवटचं पिल्लू किती वाजता, किती वार पडल्या.